खाडीकाठची सात नावं

इच्छापोर, सुरत
दि. ३ नोव्हेंबर २०२५

चि. सुकदेव यास भागीरथीताईचे अ. उ. आ.

इकडे सगळं बरं. फोनवर दगडाचा विषय काढला की तुझी रेंज जाते, म्हणून पत्र. पत्र काही कट करता येत नाही.

हजीरा रोडला जागोजागी इतिहासाच्या पाट्या लागतायत. इथे गलबतं लागायची, इथे जकातनाका होता, इथे कोण्या गोऱ्या साहेबाची कबर. लागू देत. पण ज्या रस्त्यावर या पाट्या उभ्या, त्याचा भराव टाकताना तुझ्या दाजींना आणि पाच जणांना भरतीनं ओढून नेलं, त्यांचं काय? त्यांच्या नावांचा आपला दगड पाटीवाल्यांनी शेंदूर बघून ‘जुनं देवीस्थान’ म्हणून लिहून घेतलाय. रस्ता रुंद होणार, देवीला वाजतगाजत देवळात नेणार. चहाची लारी, म्हणजे हातगाडी, लावणाऱ्या मालतीबाईनं तर साडीसुद्धा आणलीय. माझ्या नवऱ्याला साडी नेसवणार रे ही बया!

मी शेंदूर खरवडणार आहे. खालची नावं लोकांना वाचू देत. तुझं मत विचारत नाही, कानावर घालतेय.

सुमनला आशीर्वाद. राग आला तर येऊ दे, माया आटवू नको.

तुझी ताई

पारोळा
दि. ८ नोव्हेंबर २०२५

ति. ताईस शि. सा. न.

पत्र वाचलं. अगं, शेंदूर तूच लावलास ना? सगळे बुडाले समजून सोबतच्या मजुरांनी तिसऱ्या दिवशी सात नावं कोरली, आणि आठव्या दिवशी मी गावात जिवंत उगवलो. जित्या माणसाचं नाव मेलेल्यांत नको, कोरलेल्या दगडाला परत छिन्नी लावायची नाही, म्हणून तू माझ्या नावावर शेंदूर थापलास. लोकांनी वरून सगळ्या दगडाला शेंदूर फासला, तेल ओतलं, नारळ फोडले, देवी झाली. आता खरवडलंस तर मी परत मेलेल्यांत जाणार. बायकोचा जीव, सुमननं दोन दिवस अन्न सोडलंय.

शिवाय मुकादमानं हजेरीत सगळ्यांना रजेवर दाखवलं होतं. गावी येऊन मला म्हणाला, तोंड उघडलंस तर खैर नाही. मी नाही उघडलं. दाजींना रोज नारळ मिळतोय, आणखी काय पाहिजे? तू इकडे निघून ये, भाकरीला भाकरी जोडून राहू.

कमीजास्त लिहिलं असेल तर पोटात घाल.

सुकदेव

इच्छापोर
दि. १६ नोव्हेंबर २०२५

चि. सुकदेव यास अ. आ.

खरवडला. शुक्रवारी सकाळी उलथनं आणि बाटलीभर घासलेट घेऊन बसले. मालतीबाई किंचाळली, माताजी कोपेल म्हणाली. मी म्हटलं कोपू दे, नवरा माझा आहे, त्याचा राग मी ओळखते. एका ट्रकवाल्यानं हात धरला. उलथनं दाखवलं, सोडला.

बोटबोट जाड खपल्या निघाल्या. आधी तुझे दाजी, निंबा. माय वो, त्या नावावर हात ठेवून मी जी रडले! मग वाल्मिक, मग किसन.  मग मालतीबाईनंच बादली आणून दगड धुतला. साडी मात्र घरी घेऊन गेली.

काल पाटीवाले साहेब आले. म्हणाले, बेन, इथे कोणी मेल्याची नोंदच नाही, सगळे रजेवर होते. डोळ्यांनी पाहिलेला माणूस आणा, जबाब घेऊ, पाटी लावू. नाहीतर पंचवीस तारखेला दगड उचलणार. मी सातव्या नावावर बोट ठेवलं आणि सांगितलं, हा पाहिलेला माणूस, पारोळ्याला राहतो, दोन वेळा जेवतो. साहेब हसले. मी नाही हसले.

तुला काही होऊ नये म्हणून सतरा वर्षं तुझं नाव झाकलं. आता झाकणार नाही. ज्याचं नाव मेलेल्यांत आहे, त्याला कोण मुकादम मारतो ते बघतेच मी.

लोभ आहे म्हणूनच कडू लिहिलं.

ताई

पारोळा
दि. २० नोव्हेंबर २०२५

ति. ताईस शि. सा. न.

काल पत्र मिळालं. रात्रभर सुमनशी भांडलो, मग स्वतःशी.

तुला एक कधी सांगितलं नाही. भराव खचला तेव्हा दाजींनी मला खांद्यावर घेऊन वर ढकललं. ते स्वतःही काठाला लागले होते ताई, हात धरायचाच बाकी होता. तेवढ्यात खालून वाल्मिकनं हाक मारली आणि ते परत उतरले. मी पळालो, थेट गावापर्यंत. तू विचारशील, तू का नाही उतरलास, म्हणून सतरा वर्षं मुकादमाचं नाव पुढे करत आलो. मुकादम मेला त्याला सहा वर्षं झाली.

हे सगळं साहेबासमोर सांगतो, खाली सही करतो. सुमननं भाकरी बांधायला घेतलीय, सोबत तीही येतेय.

सही होईपर्यंत तू माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. साहेबाला मात्र आजच सांग, दगडाला हात लावायचा नाही. सातवा रविवारी सकाळच्या गाडीनं उतरतोय.

तुझा भाऊ,
सुकदेव