जाळी साफ न करण्याविषयी

संगमनेर,
रविवार

तीर्थरूप इंदूताईस,

नृसिंहाचा शिरसाष्टांग नमस्कार. (कागदावर आहे म्हणून साष्टांग जमला. प्रत्यक्षात घातला तर उठवायला माणूस बोलवावा लागेल.) तुझे गुडघे, तुझं मांजर आणि नेवाशाची तुझी ती ओसरी, जी सोडून तू दोन वर्षांत कुठेही गेलेली नाहीस, सगळं ठीक असेल अशी आशा आहे. इकडे सर्व क्षेम आहे. सर्व म्हणजे मीच. फोन करणार होतो, पण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि तू मात्र सगळ्याला "छान, छान" म्हणतेस. मागे मी दाढ काढली तेव्हाही छान म्हणाली होतीस. म्हणून पत्र.

विषय कपडे वाळवण्याच्या यंत्राचा आहे. तू म्हणशील, संगमनेरात यंत्र कशाला? चैत्रात सदरा दोरीवर टाकला तर चिमटा सापडेपर्यंत वाळतो. खरं आहे. पण गेल्या पावसाळ्यात ओल्या कपड्यांची बादली घेऊन मी गच्चीच्या जिन्यावरून घसरलो. घसरलो त्याचं काही नाही, पण ते मी अनीशला सांगितलं, तिथे चुकलो. चिरंजीवांनी रॉटरडॅममध्ये बसून इथल्या दुकानात पैसे भरले आणि हीट पंप ड्रायर नावाचं एक कपाट माझ्या मागच्या खोलीत येऊन बसलं. राहीबाई (धुणंभांडी करते ती) त्याच्या काचेला नाक लावून बराच वेळ उभी राहिली. म्हणाली, "काका, आत कापडं शिजत्यात का काय? लई येळ घेतंय. अन् ऊन तर फुकाट हाय." मी तिला समजावलं, की कोमट हवा कपड्यांतून फिरवायची, ती ओलावा घेऊन आली की गार करून पाणी काढून घ्यायचं, आणि तीच हवा पुन्हा तापवून आत सोडायची. आच मंद, म्हणून वीज कमी आणि वेळ जास्त. अगं, ज्याने सारा जन्म साखर कारखान्यात उसाचा रस आटवला, चीफ केमिस्ट म्हणून निवृत्त झाला, त्याला ओले पंचे आटवण्याचं काय कौतुक? राहीबाईने सगळं मन लावून ऐकलं आणि कपडे गच्चीवर घेऊन गेली.

सुरुवातीला फजिती झाली, नाही म्हणत नाही. कपडे बाहेर येतात ते कोमट, आणि कोमट कापड हाताला ओलं वाटतं. त्यामुळे एक बनियन मी तीनदा वाळवलं. ते आता तुझ्या बंड्या मांजराला होईल. कपड्यांतलं पाणी साठतं तो डबा ओढून काढायचा असतो हे ठाऊक होतं, पण हळू काढायचा असतो हे नव्हतं. (ते पाणी आता कढीपत्त्याला घालतो. कढीपत्ता खूश आहे.) सगळ्यात मोठी अडचण म्हणजे या यंत्राला एकट्या माणसाचे कपडे समजत नाहीत. दोन बनियनं आणि एक लेंगा त्या पिंपात कुठे हरवतात ते त्यालाच कळत नाही, आणि वाळले समजून ते मधेच थांबतं. पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय, फार थोडे कपडे टाकू नका. आता माझ्या घरात फार कपडे आणायचे कुठून? मग मी पडदे धुतले, उशांचे अभ्रे धुतले, पाहुण्यांच्या न वापरलेल्या चादरी धुतल्या. पडदे इतक्यांदा धुतले, की समोरच्या धनश्रीने घरी काही कार्य आहे का म्हणून विचारलं.

आता मुख्य गोष्ट. दाराशी एक जाळी असते. कपड्यांची लव तिच्यात अडकते आणि दर वेळी ती हाताने पुसून काढायची असते. न काढली तर हवा अडते आणि यंत्र तक्रार करतं. तक्रार कुठे जाते माहीत आहे? माझा फोन जुना, म्हणून बसवणाऱ्याने यंत्र अनीशच्या फोनला जोडून दिलं. एकदा मी जाळी साफ करायला खरंच विसरलो, आणि चहा घेत होतो तर अनीशचा फोन. बाबा, जाळी साफ केली नाहीत का? तिकडे त्याची जेवणाची सुट्टी होती.

ताई, तुला आमचं बोलणं ठाऊक आहे. सुरेखा होती तेव्हा ती तासभर बोलायची आणि शेवटी फोन माझ्या हातात द्यायची. बरा आहेस ना, बरा आहे, थंडी आहे का, आहे, ठेवतो. ती गेल्यापासून फोन थेट माझ्याकडेच यायचा आणि तेवढंच बोलून संपायचा. त्या दिवशी मात्र आम्ही जाळीवर बोललो. मग जाळीच्या मागच्या धुळीवर बोललो, मग तो तिकडे काय जेवतोय त्यावर. फोन ठेवल्यावर माझा चहा पार गार झाला होता आणि तो मी तसाच आनंदाने प्यायलो.

पुढचं तुला कळलंच असेल. मी जाळी साफ करणं सोडलं. कधी पाण्याचा डबा भरू दिला, कधी दार अर्धवट लावलं. तो मला समजावायचा, आणि मी, चीफ केमिस्ट, हवा कशी गार होते बरं, असं विचारायचो. लहानपणी मी त्याला त्रैराशिक शिकवताना जसा ओरडायचो तसा तो एकदाही ओरडला नाही.

पण अति झालं. अनीशला वाटलं, बाबांना विसर पडायला लागला. त्याने बायकोशी, निवेदिताशी, चर्चा केली आणि पुण्याजवळच्या एका ज्येष्ठांच्या सोसायटीचे फोटो पाठवले. (सगळे म्हातारे हसताहेत. हे काही नैसर्गिक नव्हे.) मला डॉक्टरांकडे जावं लागलं. त्यांनी शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं. मी शून्याखालीही जायला तयार होतो, त्यांनीच थांबवलं. कंपनीचा माणूस येऊन यंत्र आतून बाहेरून स्वच्छ करून गेला. मी जाळी नेमाने पुसू लागलो. अनीश म्हणाला, बाबा, आता काळजी मिटली. आणि फोन थांबले.

कळावे. लोभ आहेच, तो तू पत्राला उत्तर देऊन दाखवावास.

तुझा
नृसिंह

ता. क. तुझ्या सासूबाईंनी शिवलेली ती लाल काठाची गोधडी अजून आहे का, जिला नुसता हात लावला तरी धागे आणि लव गळते? ती पाठव. तिने जाळी तुंबेल आणि दोष गोधडीवर जाईल, माझ्या डोक्यावर नाही. बाकी सगळं पत्र याच्यासाठीच होतं.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवायचं राहिलं ते बरं झालं. फोन येत नाही म्हणून रुसून मी चार दिवस यंत्राला हात लावला नव्हता. कपडे गच्चीवर घालत होतो. आज अनीशचा फोन. आवाज घाबरलेला. बाबा, चार दिवस यंत्र बंद दिसतंय, बरे आहात ना? गच्चीचं ऐकून रागावला, आणि रागाच्या भरात बोलून गेला, की रोज जेवायला बसण्याआधी तो फोनवर माझं यंत्र बघतो. चालू असलं की बाबा बरे आहेत, म्हणून डबा उघडतो. म्हणजे मी इकडे वाट बघायचो आणि तो तिकडे मला भेटून जेवायला बसायचा.

फोन ठेवला आणि कोरडा पंचा ओला करून यंत्रात टाकला. एकटाच पंचा, पण चालू तर दिसेल. आता तो पुन्हा फोन करणार नाही. जेवू दे.

गोधडी टपालाने पाठवू नकोस. नेवाशाहून एसटी थेट आहे, तू घेऊन ये. धुवायची तर आधी ती कोणीतरी पांघरलेली हवी, आणि पाहुण्यांच्या चादरी मी उगाचच धुतोय.