उपासनींच्या झाडाबाबत कबुली आणि माझ्या मागची व्यवस्था

मी, विश्राम यशवंत टिपणीस, वय वर्षे एकोणसत्तर, निवृत्त पाणीपुरवठा अभियंता, मूळचा पुण्याचा, हल्ली राहणार टार्निट, मेलबर्न, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डॉक्टरांना माझ्या हृदयाबद्दल शंका आहे, डोक्याबद्दल नाही. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. आमच्या वकीलबाई याचे इंग्रजी भाषांतर करून घेतील. त्यात कलम पाच गाळू नये. "विश्राम, दॅट पार्ट इज नॉट रियली नेसेसरी," असे त्या मला म्हणाल्या होत्या. मला ते आवश्यक वाटते.

१. राहते घर, त्यातील सर्व सामानासह, माझी पत्नी नीला हिचे. ठेवायचे की विकायचे हे तिने एकटीने ठरवावे. आमची मुलगी मैथिली डार्विनला हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे. तिने आईला तिकडे ये म्हणून गळ घालू नये. तिथला दमट उन्हाळा नीलाला सोसत नाही. हे तिने लेकीला कधीच सांगितलेले नाही, म्हणून मी सांगतो.

२. बँकेतील ठेवी व सुपरची, म्हणजे निवृत्तिनिधीची, रक्कम नीलाची, तिच्यामागे मैथिलीची. यात सांगण्यासारखे काही नाही. आम्ही सरळमार्गी माणसे.

३. माझी हत्यारे (छाटणीची कात्री, करवत, कलमाचा चाकू, फवारणीचा पंप, शिडी) आमच्या भागातल्या सामुदायिक बागेला द्यावीत. पेंडल हिलचे माझे मेहुणे विलास यांनी माझे ड्रिल मशीन दोन दिवसांसाठी म्हणून नेले, त्याला आता अकरा वर्षे झाली. ते त्यांनाच लखलाभ असो. त्याचे बिट्स मात्र माझ्या कपाटात आहेत आणि ते त्यांना देऊ नयेत.

४. परसातील तीन सफरचंदाची झाडे घर विकले जाईपर्यंत जगवावीत. पानगळ झाल्यावर एकदा आणि कळ्या फुटण्याच्या आधी एकदा बोर्डो मिश्रण फवारावे, म्हणजे पानांवर व फळांवर काळे डाग पाडणारी बुरशी येत नाही. फळ सुपारीएवढे झाले की जाळी घालावी. खाली पडलेले फळ त्याच दिवशी उचलावे. कॉडलिंग मॉथ नावाचा राखी पतंग आहे, त्याची अळी फळ आतून पोखरते. तिच्यासाठी उन्हाळ्यात खोडाला पुठ्ठ्याची पट्टी गुंडाळावी. अळी फळातून निघून त्या पुठ्ठ्याच्या खाचांत कोष करायला बसते. पट्टी दर पंधरवड्याला सोडून पाहावी, आणि काढलेली पट्टी जाळावी. जाळावीच. का, ते पुढे लिहिले आहे.

५. आमच्या कुंपणापलीकडे पद्माकर आणि सुचित्रा उपासनी राहत. आता सुचित्रावहिनी एकट्या राहतात. पद्माकर गणिताचे प्राध्यापक. त्यांनी घर घेतले त्याच वर्षी एक सफरचंदाचे रोप लावले, कुठल्या जातीचे ते त्यांनाही ठाऊक नव्हते. फळ लहान, आंबटगोड, आणि वास असा की आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा. ते फवारणी करत नसत. "काही पोपटांना, काही अळ्यांना, उरलं तर आपल्याला," असे म्हणत आणि हसत. मला त्या हसण्याचा राग येई.

कारण माझ्या फळांत अळी पडू लागली होती. मी सगळे नियमाने करत होतो, तरीही. नियमाने करणाऱ्याच्या झाडाला कीड लागली तर दोष शेजाऱ्याचाच असणार, असे माझे मत होते. तीन वर्षे मी पद्माकरांना ऐकवले. चहाला बसलो तरी विषय तोच. नीला म्हणायची, "अहो, सफरचंदं दुकानात मिळतात." मी तिलाही गप्प केले.

जुलै २०१९ मध्ये पद्माकर हॉस्पिटलमध्ये होते. वहिनी सकाळी जात, संध्याकाळी परतत. अशा माणसाला मी दारात गाठले आणि म्हणालो, की झाड रोगट आहे, कोणी तक्रार केली तर कौन्सिलची नोटीस येईल. कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, मी कोणाशीही बोललेलो नव्हतो. त्या म्हणाल्या, "भाऊजी, मला आत्ता काही सुचत नाहीये. तुम्हाला योग्य वाटेल ते करा." मला योग्य वाटले ते मी दोन दिवसांत केले. करवतवाल्याला मीच बोलावले आणि वर उपकार केल्याच्या थाटात वावरलो. झाड पडायच्या आधी वहिनींनी विचारले होते, "यांच्यासाठी दोन काड्या तुमच्या झाडावर कलम करून ठेवाल का?" कलम मला येते. इथे जुलै म्हणजे ऐन हिवाळा, त्या काड्या घ्यायचाच महिना. मी म्हणालो, "रोगट काडी मी माझ्या झाडाला लावणार नाही."

पद्माकर घरी आले, मागच्या खोलीत खिडकीपाशी बसू लागले. मला त्यांनी एका शब्दाने विचारले नाही. नोव्हेंबरमध्ये ते गेले.

त्या उन्हाळ्यातही माझी फळे किडलीच. मी म्हटले, जुनी कीड असेल. मग मे महिन्यात खोडांच्या पट्ट्या काढून नेहमीसारख्या शेडमध्ये रचत होतो. नेहमीसारख्या, कारण मी त्या कधी टाकल्याच नव्हत्या. टीव्हीच्या खोक्याचा जाड, चांगला पुठ्ठा. पुढच्या वर्षी पुन्हा कामी येईल म्हणून सुतळीने बांधून ठेवायचो. आमच्या घरात तुपाची बरणी टाकत नाहीत, पुठ्ठा कोण टाकणार? त्या दिवशी एक पट्टी हातात फाटली. प्रत्येक खाचेत पांढरा रेशमी कोष, आणि प्रत्येक कोषात गुलाबीसर जिवंत अळी. मागच्या वर्षांच्या पट्ट्या उघडल्या, तर त्यांतले कोष रिकामे होते. दर वर्षी मी अळ्या गोळा करून, थंडीत छपराखाली जपून, वसंतात माझ्याच शेडमधून पतंग सोडत होतो. ते कुंपण ओलांडून पद्माकरांच्या झाडावरही जात असणार. नर्सरीतून मिळालेल्या पत्रकात "काढा आणि नष्ट करा" असे छापलेले आहे. मी "काढा" एवढेच पाळले. चाळीस वर्षे दुसऱ्यांना सूचनापत्रके वाचायला लावली तो मी.

त्या दुपारी सगळ्या पट्ट्या मी बार्बेक्यूवर जाळल्या. नीलाला सांगितले, जुने सामान आवरतोय. पुढच्या उन्हाळ्यात माझ्या झाडांवर एकही किडके फळ नव्हते. मी पिशवी भरून शेजारी नेली, तेव्हा सुचित्रावहिनी म्हणाल्या, "बघा भाऊजी, आमचं झाड गेलं आणि तुमचं फळ सुधारलं. आम्हीच आधी तोडायला हवं होतं. उगाच तुम्हाला इतकी वर्षं त्रास झाला." मी "असू दे" म्हणालो. "असू दे" म्हणालो मी! दर मार्चमध्ये त्या हे म्हणतात, आणि मी ऐकून घेतो. अपराध पहिल्या वर्षी अज्ञानाने झाला होता. त्यानंतरच्या प्रत्येक वर्षी मी तो जाणूनबुजून केला. मला याची लाज वाटते, आणि लाज वाटते हे लिहूनही ती कमी होत नाही.

६. पहिल्या मसुद्यात माझ्यामागे सुचित्रावहिनींना देण्यासाठी मी एक वस्तू आणि माफीचे एक बंद पत्र ठेवले होते. गेल्या आठवड्यात मी ते मैथिलीला फोनवर वाचून दाखवले. ती म्हणाली, "बाबा, सो यू गेट टू से सॉरी अँड नॉट बी देअर? सुचित्रामावशीला तुझ्यावर ओरडायचं असेल तर ती कोणावर ओरडणार?"

म्हणून ते पत्र फाडले आणि ती वस्तूही रद्द केली. ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाई सांगतात. आता वहिनींना या कागदातून काहीच मिळायचे नाही. साक्षीदाराने फक्त सही होताना पाहायची असते, मजकूर वाचावा लागत नाही. तरी आज चार वाजता त्या साक्षीदार म्हणून सही करायला येतील तेव्हा हा कागद मी आधी त्यांच्या हातात देईन, आणि त्या वाचत असताना समोर बसून राहीन. त्या काही बोलल्या तर मध्ये बोलणार नाही. सही न करता उठून गेल्या तर दुसरा साक्षीदार शोधीन.

वर लिहिले ते सर्व माझे आहे, त्यात शोभेसाठी काही घातलेले नाही.

टार्निट, ९ ऑगस्ट २०२५

विश्राम यशवंत टिपणीस (सही)

साक्षीदार १: धवल मेहता, घरासमोर राहणारे (सही)

साक्षीदार २: सुचित्रा पद्माकर उपासनी (सही)
सगळं वाचलं, दोनदा. विश्राम टिपणीस यांनी माझ्यासमोर सही केली, एवढ्याचीच मी साक्ष देते आहे.