दप्तर फुफीनेच आणावे

२ एप्रिल
मामूने आज कमालच केली! इथल्या आखातातल्या दुकानासाठी गोदामातून उचललेल्या मालात चार जपानी शाळेची दप्तरं निघाली — जाड चामड्याची, चौकोनी, लहान पोराच्या पाठीवर पेटीच! खोक्यावर नाव : रांदोसेरू. मामूने ती टिफिनच्या फळीवर मांडली. म्हणे, "अरे बावा, नावातच रांधप आहे!" आमच्या दापोलीत स्वयंपाकाला रांधप म्हणतात, म्हणून जपानातही म्हणायचं! एका बाईने विचारलं, "भात गरम राहील का?"
मामू म्हणाला, राहील.

४ एप्रिल, शुक्रवार
तहरीम दुकानात आली!!! आठ महिने हिला फक्त समोरच्या बिल्डिंगचा जिना चढताना बघतोय. सोबत भावाची मुलगी असमा, यंदा पहिलीत. मी लाल दप्तर पुढे केलं. "फुफी, इट्स लाइक अ फ्रिज!" असमा आत्याला म्हणाली — पण पाठीवर चढवलं ते उतरवेचना.
"टिकेल?" तहरीमने विचारलं.
सहा वर्षं, म्हणालो. हे खरं आहे. तिकडची पोरं पहिली ते सहावी एकच दप्तर वापरतात.
पुढचं खरं नाही. गॅरंटी कार्ड मी आतल्या खोलीत बसून लिहिलं — 'दर पंधरा दिवसांनी पट्टा तपासणी. दप्तर फुफीनेच आणावे. वडिलांनी आणल्यास गॅरंटी रद्द.' वर दुकानाचा शिक्का!

१८ एप्रिल
आली! एक पट्टा तपासायला मी पंचवीस मिनिटं लावली.
"जपानात पण फुफीच आणते?" — अगदी गंभीर चेहरा.
"कंपनीचा नियम आहे."
मग म्हणाली, "कॉलेज का सोडलंस?"
सरांशी भांडलो. ते सॉरी म्हणाले नाहीत, मी का म्हणू!
"दप्तराला सहा वर्षांची गॅरंटी, आणि तू तिसऱ्या सेमलाच उसवलास!"
राग आला. एवढा गोड राग आयुष्यात आला नव्हता.

२० एप्रिल
सत्यानाश. तिचा भाऊ फरहत आला. मीना अल-अहमदीला रिफायनरीत असतो, थेट ड्यूटीवरून, युनिफॉर्मवरच. कार्ड काउंटरवर आपटलं. "बापाने आणलं तर गॅरंटी रद्द? ही कुठली कंपनी?"
मामूने कार्ड दोनदा वाचलं. "इंजिनिअरिंग सोडून आलास ते हे लिहायला?"
माझं डोकं फिरलं. "तुमच्यासारखं टिफिन म्हणून तरी विकायला मांडलं नाही!" गिऱ्हाईकं हसली. मामू नाही हसला.
फरहतने कार्डाचे चार तुकडे केले. "तपासणी-बिपासणी बंद. तहरीमचं इथे काही काम नाही."
बरोबरच आहे. आता कसलं काम?

२३ एप्रिल
जिन्यावरही दिसली नाही. मामू बोलत नाही. उरलेली तीन दप्तरं मी शाळेच्या फळीवर मांडली.

२५ एप्रिल, शुक्रवार
तहरीम आली. एकटी. दप्तर आणलं नव्हतं.