दार लावण्याआधीची हजेरी

सोमवार, ७ एप्रिल. लोणी देवकर.

रोजनिशी लिहायचा मला कधीच नाद नव्हता. ही वही लिहावी लागते आहे ती राजेश्वरीताईंच्या अटीमुळे. त्यांच्या मातीच्या भांड्यांच्या कारखान्यातला आधीचा मेकॅनिक कुठली वायर कुठे जोडली ते न सांगता निघून गेला. तेव्हापासून भट्टीचा मीटर खरं तापमान दाखवत नाही आणि तीन वेळा भट्टीभर माल वाकडा निघाला. म्हणून अट अशी, की रोज काय पाहिलं आणि काय केलं ते लिहायचं आणि काम संपलं की वही सुपूर्द करायची. अट रास्त आहे. साखर कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट विभागात एकतीस वर्षं मी सगळ्यांना हेच सांगत होते.

सकाळच्या एसटीने बारामतीहून आले. जागा छान आहे. शेडमागे मला स्वतंत्र खोली, दारात कडुलिंब, कूलर चालू. माल भरणाऱ्या तानूबाईंनी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आणून दिली. निवृत्तीनंतर वर्षभराने हातात पाना आला, बरं वाटलं.

भट्टी गॅसवर चालते. तिला दार असं नाही. माल भरला की तोंड विटांनी बंद करून वर माती लिंपतात. भट्टी लावतात हिंदुराव, सत्तरी ओलांडलेले. पन्नास वर्षं ते जाळाचा रंग बघून तापमान ठरवत आले. मीटरला ते घड्याळ म्हणतात. चहाचा कप पुढे करून मला म्हणाले, "बाई, तुमच्या घड्याळाला इचारा, हा गरम हाय का."

मी म्हटलं, विचारून सांगते.

मंगळवार, ८ एप्रिल.

दोष सापडला. भट्टीत थर्मोकपल असतो, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाशी जोडून चिनीमातीच्या नळीत घातलेल्या. टोक तापलं की किंचित वीज तयार होते आणि त्यावरून मीटर अंश सांगतो. तिथून मीटरपर्यंत त्याच जातीची वायर लागते. आधीच्या गृहस्थांनी मधला तुकडा घरगुती वायरीचा टाकला होता आणि पुढच्या जोडावर प्लस-मायनस उलटं केलं होतं. जाळ वाढला की आकडा मागे पडत होता तो त्यामुळे.

सगळी वायर बदलली. थर्मोकपलही नवा घेतला. बर्फाच्या पाण्यात शून्य आलं. तानूबाईंच्या पातेल्यात उकळत्या पाण्यात अठ्ठ्याण्णव आलं. या उंचीवर तेवढंच यायला हवं. हिंदुराव वाकून बघत होते. म्हणाले, घड्याळ सुधारलं म्हणायचं.

बुधवार, ९ एप्रिल.

आज पहिली भट्टी, थोड्याच कपांची, चाचणीपुरती. नळी पक्की करायला शेवटपर्यंत मीच आत होते. बाहेर येऊन मीटरच्या पॅनेलपाशी स्क्रू आवळत असताना विटा रचायला सुरुवात झाली.

इथे एक पद्धत आहे. शेवटची वीट बसवण्याआधी हिंदुराव भट्टीच्या तोंडाशी उभे राहून एकेकाचं नाव घेतात. त्या माणसाने बाहेरून उत्तर द्यायचं, "भायेर हाय." सगळ्यांची उत्तरं आल्याशिवाय वीट बसत नाही. चुकून कोणी आत कोंडलं जाऊ नये म्हणून कधीतरी सुरू झालं असणार. माझं नाव, विनया, त्यांनी तीन वेळा घेतलं. मी उत्तर दिलं नाही. स्क्रू हातातून निसटला असता, आणि चार हातांवर मी सगळ्यांना दिसत होते. मी तसं म्हटलं, जरा फटकळपणेच. डोळ्यांना दिसणाऱ्या माणसाची हजेरी कसली घ्यायची?

हिंदुराव वीट हातात धरून उभेच राहिले. राजेश्वरीताईंना हॉटेलचे सहाशे कप एकवीस तारखेपर्यंत द्यायचे आहेत. त्यांनी बसवायला सांगितलं. हिंदुरावांनी बसवली, हात धुतले आणि लांब बांधावर जाऊन बसले.

संध्याकाळी मीटरवर एक हजार चाळीस. ठरावीक तापमानालाच वाकणारे तपासणीचे शंकू आत लावले होते, तेही नेमके तेव्हाच वाकले. मीटर बरोबर आहे.

शुक्रवार, ११ एप्रिल.

भट्टी उघडली. एकही कप वाकडा नाही. राजेश्वरीताईंनी पेढे वाटले.

एक किरकोळ नोंद. भट्टी रिकामी आहे, सावलीत चाळीस अंश आहेत आणि मीटर भट्टीत चोवीस दाखवतो. जाड विटांमुळे आत गारवा असेल. उद्या पाहते.

रविवार, १३ एप्रिल.

विटांचा गारवा नाही. हात आत घातला, हवा बाहेरच्याइतकीच गरम. मीटर मात्र एकोणतीस.

मला कणकण आहे. कूलर बंद केला तरी थंडी वाजते. ताप पाहिला तर ताप नाही, पस्तीस पॉइंट नऊ. तानूबाईंचा हात माझ्या हाताला लागला तेव्हा त्या दचकल्या. "बाई, या उन्हात तुमी एवढ्या गार कशा?" म्हणाल्या आणि आपली गोधडी आणून दिली.

सोमवार, १४ एप्रिल.

पद्धतशीर लिहिते, कारण दुसरं काही सुचत नाही.

थर्मोकपल काढला, दुसरा लावला. बर्फात शून्य. बाहेर हवेत एकेचाळीस. भट्टीत सरकवला की तेहतीस पॉइंट एक. बाहेर काढला की एकेचाळीस. पाच वेळा केलं. उपकरणात दोष नाही.

शेवटचा आकडा स्थिर नाही. एकवर जातो, दोनवर येतो, परत एक. मनगटावरच्या घड्याळाने मोजलं, मिनिटाला सोळा वेळा. बराच वेळ बघत बसले. मग लक्षात आलं, की तो माझ्या श्वासाबरोबर हलतो आहे.

मी श्वास रोखला.

आकडा थांबला.

माझं तापमान चौतीस पॉइंट दोन. तिकडे वाढतं तसं इकडे उतरतं आहे.

मंगळवार, १५ एप्रिल.

मीटर पस्तीस पॉइंट पाच. मी तेहतीस.

सकाळी इंदापूरच्या डॉक्टरांकडे निघाले. हायवेला पोचेपर्यंत बोटं निळी पडली, पाय उचलेना. परत फिरले. गेटातून आत आल्यावर बोटांना रंग आला. म्हणजे लांबही जाता येत नाही.

हिंदुरावांना विचारलं. मला वाटलं टोमणा मारतील. मारला नाही. म्हणाले, "उत्तर दिल्याबिगर तोंड लिंपलं, की आत कोन आन् भायेर कोन ते भट्टी ठरवती." उपाय एकच सांगितला. उद्या सहाशे कपांची भट्टी लागणार आहे. नाव घेतलं की उत्तर द्यायचं, आणि माझ्या नावाला पहिलं उत्तर माझंच पाहिजे. "पयलं, बाई. दुसरं कोन बोलायच्या आत."

दुसरं कोण, ते मी विचारलं नाही.

राजेश्वरीताईंना भट्टी पुढे ढकलायला सांगितलं. त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला आणि पटकन काढून घेतला. पण कपांची तारीख बदलता येत नाही म्हणाल्या.

दुपारभर खोलीत सराव केला. बाहेर आहे. बाहेर आहे. आवाज बसत चालला आहे. तानूबाईंनी दोनदा विचारलं, काय म्हणालात? मग म्हणाल्या, सकाळी तर शेडमध्ये चांगल्या ठणठणीत बोलत होतात, माल कसा लावायचा ते सांगत होतात मला.

सकाळी मी हायवेवर होते.

बुधवार, १६ एप्रिल. सकाळी सात.

थर्मामीटरवर आकडाच नाही. नुसतं 'लो'.

मीटर छत्तीस पॉइंट आठ. निरोगी माणसाचं.

साडेनऊ.

कप भरून झाले. विटा अर्ध्यावर. मी पॅनेलपाशी उभी आहे, वही पॅनेलवर टेकवून लिहिते आहे, दुसऱ्या हाताने पॅनेल धरून ठेवलं आहे. सोडणार नाही. हिंदुराव माझ्याकडे बघून मान हलवतात. तानूबाईंचं नाव. भायेर हाय. राजेश्वरीताईंचं. भायेर हाय. आता माझं —

मी तोंड उघडलं. आवाज —

"बाहेर आहे."

आवाज माझाच. स्वच्छ, करडा, जसा कारखान्यात होता तसा. माझ्या तोंडातून आला नाही.

हिंदुराव हसले. सुटल्यासारखे. पॅनेलकडे बघून हसले.

मी पॅनेलपाशी नाही. माझ्या हातात पॅनेल नाही, कप मांडायची फळी आहे. पाठीला वीट. दोन्ही बाजूंना कपांच्या रांगा. समोर विटांवर विटा आणि वर उजेडाची पट्टी —

हाका मारते. ऐकू जात नाही. तानूबाई एवढ्या जवळ, त्यांच्या बांगड्या वाजतात —

राजेश्वरीताई विचारतात, मीटर काय म्हणतो. माझा आवाज उत्तर देतो, मीटर बरोबर आहे, पेटवा.

उकडत नाही. अजून नाही.

एका विटेची जागा उरली. त्यातून हात आत आला. मनगटावर माझं घड्याळ. तळहात वर. मागतो आहे. काम संपलं की सुपूर्द करायचं. अट —

पान्यांचा संच — एक. दिला.
थर्मामीटर — एक. दिला.
पॅनेलची किल्ली — एक. दिली.
चष्मा — दिला. आता अक्षर नीट दिसत —
वही — एक. पेन — एक. देते आहे. हात गरम आहे. घेणार — विनया —

हिंदुरावांनी वीट उचल