कोरेगावचं जाड अक्षर

१२ फेब्रुवारी १९९६
आलं! सांगलीहून नव्या फॉन्टची फ्लॉपी आली. काय अक्षर आहे! जाडजूड, पण ढेरपोटं नाही. बोरू दाबून ओढल्यासारखं — उभ्या रेषा भरदार, वळणं नाजूक, टोकं तिरकी छाटलेली. 'कोरेगाव' टाइप करून बघितलं. गाव एकदम तालेवार दिसायला लागलं. भार्गवीला हाक मारली. बायको असूनही छान म्हणाली. मग म्हणाली, आमटी गार झाली.

१५ फेब्रुवारी
साखर कारखान्यातले हेडक्लार्क भाऊसो गेले. भला माणूस. दशक्रियेची कार्डं आणि चौकातला फलक छापायचं काम माझ्या दुकानात आलं. फलक नव्या अक्षरात काढला. लोक डोळे पुसत होते, पण थांबून वाचत होते. मला अभिमान वाटला. मग त्याची लाज वाटली.

९ मार्च
पाच मयतं झाली. पाचही घरांना 'भाऊसोंचं अक्षर' पाहिजे. किराणा दुकानाची पाटी त्यात करून दिली, तर गिऱ्हाइकं विचारतात, कोण गेलं? पाटी उतरवली.

२ एप्रिल
माजी सुभेदार नाथाजी आले. नात क्रांतीचं लग्न, ५ मे. वेलबुट्टीचं अक्षर नको म्हणाले, नाव लांबून दिसलं पाहिजे. मी जाड अक्षर दाखवलं. खूश! मागून भार्गवी डोळे वटारत होती. मी बघितलंच नाही. एकदा तरी ह्या अक्षराला हळद लागू दे!

१९ एप्रिल
घात झाला! पत्रिका पोस्टानं गेल्या. आमच्याकडे मयताचं कार्ड घरात ठेवत नाहीत, उंबऱ्यातच फाडतात. लोकांनी अक्षर बघितलं, वर नाथाजींचं नाव बघितलं — आणि पुढचं न वाचताच फाडलं! पाटणहून त्यांची बहीण बनुबाई अंघोळ करून, रडत पहिल्या एस.टी.नं आली. नाथाजी ओट्यावर दाढी करत बसलेले. म्हातारीला जागीच भोवळ आली, पाणी मारून उठवावं लागलं.

२० एप्रिल
नाथाजी दुकानात. ओरडले नाहीत, हेच वाईट. "जित्त्या भावाची अंघोळ केली रं बहिणीनं. आता लग्नाला मानूस आलं न्हाई, तर पोरीनं कुनाकडं बघायचं?"
मी स्कूटरची किल्ली उचलली.

२७ एप्रिल
आठवडाभर माझी स्कूटर, मागे नाथाजी. फलटण, पाटण, मधली सगळी गावं. दारोदार जाऊन आमंत्रण. लोक आधी त्यांना चाचपून बघतात, मग चहा टाकतात. आज सतरा घरं, सतरा चहा. पोटाची पार वाट लागली.

५ मे
मांडवात पाय ठेवायला जागा नाही! निम्मे नवरीला बघायला आले, निम्मे नाथाजींना. क्रांती हसत होती. मी दोनदा जेवलो. फ्लॉपी भार्गवीनं कपाटात टाकली, साड्यांच्या खाली.

११ जून
नाथाजी आले. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलंय, दिवाळी दिसायची नाही.
"माजं त्याच अक्षरात काढ. तारीख मोकळी सोड. आन् आत्ताच दाव, मागनं कोन दावतंय?"
फ्लॉपी काढली. नाव टाइप केलं. पुढे 'कै.' लावायला हात होईना. ते पडद्याकडे बघत बसले.
शेवटी तेच म्हणाले, "लाव रं, गड्या."