सेकंदकाटा नसलेलं घड्याळ

मंगळवार, ९ सप्टेंबर
भोकरदन

जालन्याच्या नर्सिंग कॉलेजात नंबर लागून चार दिवस झाले, पण आबा हो म्हणत नव्हते अन् न्हाई पण म्हणत नव्हते. आत्याचं मात्र चालूच. "दिवसभर परक्या माणसांचे हात धरायचे. मंग हिला स्थळ कुठून येईल?" इथंच बी.ए.ला गेले असते तर कुणी काही बोललं नसतं. पण मेंढी विताना अडली की आबा आधी मलाच हाक मारतात, ते कसं?

कॉलेजच्या सामानाच्या यादीत घड्याळ आहे, सेकंदकाटा असलेलं. नाडी मोजायला लागतं. यादी मी मुद्दाम आबांच्या उशाशी ठेवली होती.

आज आबा मेंढ्या काकाकडं सोडून जालन्याला गेल्ते. संध्याकाळी आले अन् खिशातून घड्याळ काढलं. सोनेरी, खडे लावलेलं, नवरीला देतात तसलं. सेकंदकाटाच न्हाई. यादीतलं 'घड्याळ' तेवढंच वाचलं असेल का?

"बराबर हाय ना?"

मी बराबर म्हणलं. दुसरं काय म्हणणार?

"मंग मोज माझी नाडी."

मोठा काटा एका रेघेवरून दुसऱ्या रेघेवर जाईपर्यंत मोजली. बहात्तर. कळपामागं सारखे फिरणारे आबा तेवढा वेळ बिलकुल हलले न्हाईत. म्हणजे सेकंदकाटा नसला तरी जमतं. आबांना सांगायचंच न्हाई.

आत्या दारातून बघून राह्यली होती. जवळ येऊन बसली, पदराला हात पुसला अन् माझ्यापुढं धरला.