हळदीच्या डबीतला भुगा

अण्णा,

वर आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं. खोडलं.

उद्या खंडेनवमी. कारखान्यात मशिनांची पूजा. साहेबांनी ठरवलंय, यंदा प्रेससमोर चौरंगावर तुमची कानस मांडायची, मागं तुमचा हार घातलेला फोटो ठेवायचा आणि मी तुमच्याबद्दल दोन शब्द बोलायचे. म्हणाले, “मुलगी आहेस त्यांची, क्वालिटीला आमच्याकडंच आहेस. तुझ्याशिवाय कोण बोलणार?” ते दोन शब्द लिहायला बसले, तर लिहिता लिहिता तुम्हालाच बोलायला लागले.

फोटोत किती सज्जन दिसता हो तुम्ही! टोपी सरळ, कपाळाला गंध, नजर खाली. पलूसच्या अख्ख्या एमआयडीसीत कुणाला शंका यावी?

लहानपणी तुम्हीच मला समजावलं होतं. ॲल्युमिनियमचा तापलेला ओंडका प्रेसमध्ये घालायचा, मागनं दाब द्यायचा, की पुढच्या पोलादी डायच्या भोकातनं खिडकीची पट्टी बाहेर येते. आईच्या चकलीच्या सोऱ्यासारखं. भोकाच्या आतली कड एका अंगाला कमी झाली, की त्या अंगानं धातू जास्त पळतो आणि पट्टी वाकडी येते. मग दुसऱ्या अंगाची कड तेवढीच कानसायची, म्हणजे पट्टी सरळ. हे सांगताना तुमचा चेहरा फुललेला असायचा. तेवढं एकच तुम्ही मला शिकवलंत. हातात कानस मात्र कधी दिली नाहीत.

आणि ती तुमची हळद! नवी डाय आली, की तुम्ही ती कोपऱ्यात न्यायचा, सगळ्यांकडं पाठ करून बसायचा, डबी उघडून हळद-कुंकू लावायचा. “नवी डाय म्हंजी नवरी. हळद लावल्याबिगार बोहल्यावर कशी चढवायची?” डिग्रीवाले इंजिनिअर बूट काढून लांब उभे राहायचे. पूजेत कोण डोकावणार? तुम्हाला बरोबर ठाऊक होतं, आपल्याकडं माणूस कशाकडं बघत नाही ते.

मग डाय तापायची, प्रेसवर चढायची आणि पट्टी विळ्यासारखी वाकडी यायची. दर वेळी. साहेबांचं तोंड उतरायचं, तुम्ही पट्टीचा पुढचा तुकडा हातात घेऊन लांबून बघायचा, मान हलवायचा. “बगतो. उद्या लावा.” दुसऱ्या दिवशी पट्टी सरळ. सगळे टाळ्या वाजवायचे. मीही वाजवल्यात, अण्णा. त्याची मला आता शिसारी येते.

तुम्ही गेल्याला चार महिने झाले. तेवढ्यात बाहेरगावाहून तीन नव्या डाय आल्या. तिन्ही पहिल्याच खेपेला सरळ चालल्या. तुमच्या हयातीत एकदाही न घडलेली गोष्ट! साहेबांनी यावर काय विचार केला असेल? काहीच नाही. हात जोडून म्हणाले, “अण्णांचा आशीर्वाद आहे.” आणि सगळ्या इंजिनिअरांनी माना डोलावल्या. तुम्हाला प्रेक्षक मात्र फार सोयीचे मिळाले.

तुमचं कपाट आवरायला मला दिलं होतं. डबी उघडली, तर हळदीत काहीतरी चमकत होतं. मी लोहचुंबक फिरवलं. कानसेचा भुगा वर आला. नुसता चिमूटभर नाही, सगळी हळद त्यानं भरलेली. पूजा करता करता तुम्ही एका अंगाची कड दोन हात मारून कमी करत होता आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या अंगाची तेवढीच करून देव होत होता.

तरी मी स्वतःला सांगितलं, एवढ्यावर बापाला दोष द्यायचा नाही. आपल्याला डाय बनवून देणाऱ्या दस्तगीरभाईंची शेवटची डाय रॅकवर पडून होती. तुम्ही दवाखान्यात गेलात त्याच्या आदल्या दिवशी आलेली. “अण्णा आले की बघू,” म्हणून साहेबांनी ठेवून दिली होती. तुमची हळद न लागलेली ती त्यांची एकटीच डाय. सोमवारी मी ती प्रेसवर लावायला लावली.

पट्टी सरळ आली, अण्णा. मी दोरा धरून बघितली, जमिनीवर ठेवून बघितली. कुठं तसूभर वाक नव्हता.

त्या पट्टीचा पुढचा तुकडा घेऊन मी तासगावला गेले. दस्तगीरभाई आता बेदाण्याच्या शेडचे अँगल वेल्डिंग करतात. तुमच्या हळदीनं त्यांच्या डाय लागोपाठ बिघडल्या, साहेबांनी काम बंद केलं आणि इतक्या वर्षांचा हात त्यांनी गुंडाळून ठेवला. तुम्ही त्यांच्या मुलीच्या लग्नात जेवून आला होता. बिर्याणी चांगली होती म्हणाला होता.

त्यांनी हातमोजे काढले, तुकडा डोळ्यासमोर धरला, एक डोळा मिटून कितीतरी वेळ बघत राहिले.

“ही माज्या डायची हाय?”

“तुमच्याच, भाई. पहिल्याच खेपेची.”

मी डबी पुढं केली आणि सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. शेडच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, “मला वाटलं, माजी नजर गेली. डोळं तपासून घ्येतलं मी, ताई. सांगलीला जाऊन. डाक्टर म्हनला, नंबर न्हाई. मग म्हनलं, हातच गेला आसंल.”

हे ऐकताना मला तुमची मुलगी असण्याची लाज वाटली. लिहून ठेवते, म्हणजे उद्या पलटणार नाही.

अण्णा, खरी चीड सांगू? तुम्हाला काम येत होतं. वर्षानुवर्षं चालून झिजलेल्या डाय तुम्ही खरोखर सरळ करायचा, ते मी क्वालिटीत बसून मोजलंय. त्यात फसवणूक नव्हती. मग हे कशाला? चौथी शिकलेल्या माणसाला डिग्रीवाल्यांची भीती वाटली, एवढंच ना? माझा डिप्लोमा झाला त्या दिवशी तुम्ही पेढा खाल्ला नाहीत, “दात दुखतोय,” म्हणालात. तेव्हा मला दाताची काळजी वाटली. मला म्हणाला असता, “सुरेखा, भ्या वाटतंय गं,” तर मी तुमच्या शेजारी उभी राहिले असते. भित्रा बाप मी सांभाळला असता. दुसऱ्याचा हात मोडून स्वतःचा मिरवणाऱ्या बापाचं काय करू?

तर उद्याचं ठरलंय. चौरंगावर कानस नसेल, डबी आणि चुंबक असेल. पूजेला जमलेल्या सगळ्यांसमोर मी ते हळदीतून फिरवीन आणि मग जे बोलायचं ते बोलेन. साहेब रागावले तर रागावोत, आशीर्वादावर कारखाना चालवणाऱ्या माणसाच्या रागाला मी भीत नाही. त्यानंतर दस्तगीरभाई स्वतःच्या हातानं आपली ती डाय प्रेसवर चढवतील. तसं वचन मी त्यांना दिलंय, आता तुम्हालाही देते.

तुमचा फोटो तिथनं हलवणार होते. भाईंनीच अडवलं.

“ऱ्हाऊ दे, ताई,” म्हणाले. “त्येस्नी बगू दे.”

सुरेखा